संकेत, स्थान आणि यंत्राचे वाचन

सस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील अन्य चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते, ही भूमिका परिचित आहे. योजनापूर्वक घडविलेली संगणकीय संकेतव्यवस्था मात्र याला अपवाद असावी, तीत एका चिन्हाला एकच अर्थ असावा, असा समज आढळतो. एचटीएमएल या पृष्ठरचनेच्या भाषेतील चिन्हसंदर्भांचा इतिहास या समजाला छेद देतो.

कळफलकावर नसलेल्या, अथवा टॅगशी गल्लत होऊ शकणाऱ्या चिन्हाऐवजी जे सांकेतिक रूप लिहितात, तो चिन्हसंदर्भ. त्याचा आरंभ '&' ने आणि शेवट अर्धविरामाने होतो; मध्ये 'कॉपी' हे (मुळात रोमन लिपीतील) नाव असल्यास वाचकास © दिसते. १९८६ च्या एसजीएमएल मानकाने, नाव कोठे संपते हे पुढील चिन्हावरून कळत असेल तर अर्धविराम गाळण्याची मुभा दिली होती. पुढे संकेतस्थळांच्या पत्त्यांतही माहितीचे घटक वेगळे करण्यासाठी '&' हेच चिन्ह रूढ झाले. मग पत्त्यातील '&कॉपी=२' हा स्वामित्वहक्काचा संकेत मानावयाचा की प्रतींची संख्या? १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने अशा ठिकाणी '&' हेच सांकेतिक रूपात लिहावे, असा सल्ला दिला. व्यवहारात तो सर्वत्र पाळला गेला नाही.

२०१४ साली शिफारसप्राप्त झालेल्या एचटीएमएल ५ ने हा व्यवहारच नियमबद्ध केला. त्यातील नावांच्या २,२३१ नोंदींपैकी १०६ अर्धविरामाविना ग्राह्य आहेत. परंतु असे अर्धविरामहीन नाव टॅगच्या गुणधर्मात आले आणि त्यामागोमाग '=' अथवा रोमन अक्षर वा अंक असेल, तर ते उलगडावयाचे नाही; मजकुरात मात्र उलगडावयाचे. याचे कारण मानक 'ऐतिहासिक' एवढेच देते. एका परीने तो मानकाने मान्य केलेला पाठभेद होय.

प्रोग्रामिंगच्या भाषांतील उलगडणीची फंक्शने या भेदाविषयी दीर्घकाळ उदासीन राहिली. पीएचपीच्या ४.३ आवृत्तीत आलेले फंक्शन अर्धविरामाविना आलेले नाव उलगडतच नाही, पायथनच्या ३.४ आवृत्तीतील फंक्शन ते सर्वत्र उलगडते. म्हणजे पहिले मजकुराचे चुकीचे वाचन करते, दुसरे पत्त्याचे. दोघांनाही संहिता दिली जाते, पण ती कोठून उचलली हे सांगण्याची सोय नसते. म्हणूनच नव्या फंक्शनने संहितेबरोबर तिचे स्थानही मागितले पाहिजे: मजकूर की गुणधर्म? उलगडणीही एकदाच व्हावयास हवी. दुसऱ्यांदा उलगडल्यास लेखकाने केवळ उदाहरण म्हणून दाखविलेला टॅग प्रत्यक्ष आज्ञा बनू शकतो.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. एचटीएमएल ४.० च्या यादीत शून्य रुंदीच्या जोडकाचेही नाव आहे. 'आचाऱ्यांना' या शब्दातील अर्धा र लिहिण्याच्या एका रूढ पद्धतीत हा अदृश्य जोडक लागतो. अनावश्यक समजून तो गाळला, तर 'आचार्यांना' उरते आणि स्वयंपाक्याच्या जागी गुरू येतो.

तेव्हा उलगडणी ही कोष्टक पाहून करावयाची यांत्रिक क्रिया नव्हे. संहिता कोठे उभी आहे हे न विचारणारा वाचक, मग तो यंत्र का असेना, संहिता बदलून टाकतो. आणि बदल निमूटपणे घडत असल्याने तो मूळ पाठ म्हणूनच पुढे जातो. संगणकीय प्रतींवर विसंबणाऱ्या पाठचिकित्सेने मुद्रकाच्या व लेखनिकाच्या प्रमादांबरोबर यापुढे या वाचकाचीही चिकित्सा करणे अगत्याचे आहे.