तोफखान्याचा आकाशातील डोळा

देवळालीच्या छावणीपलीकडे, बहुला किल्ल्याच्या परिसरात तोफखान्याच्या शाळेचे सरावाचे मैदान आहे. तेथील तोफांचे आवाज नाशिककरांच्या अंगवळणी पडलेले आहेत. परंतु तोफ डागणाऱ्या गोलंदाजाला (हा शब्द क्रिकेटने पळविला असला तरी मूळचा तोफखान्याचाच) आपला गोळा कोठे पडला हे बहुधा दिसतच नाही, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी येते. लक्ष्य डोंगराआड, कित्येक मैलांवर असते. मग नेम साधला की चुकला, हे त्याला सांगावे कोणी?

उंचावरून पाहणे हा उपाय जुनाच. १७९४ साली फ्लरसच्या लढाईत फ्रेंचांनी शत्रूच्या हालचाली पाहण्यासाठी फुगा चढविला होता. पहिल्या महायुद्धात हे काम विमानाकडे आले. तेव्हाची रीत मोठी मौजेची होती. लक्ष्य म्हणजे घड्याळाच्या तबकडीचा मध्य, बारा वाजण्याची जागा म्हणजे उत्तर आणि मध्याभोवती ठरावीक अंतरांची वर्तुळे. प्रत्येक वर्तुळास एक अक्षर. वैमानिकाने बिनतारी यंत्राने एक अक्षर व एक आकडा कळविला की गोळा कोणत्या बाजूस व किती दूर पडला हे तोफेपाशी समजे. उत्तर देणे मात्र कठीण, कारण विमानात संदेश घेण्याचे यंत्र बहुधा नसे. म्हणून गोलंदाज जमिनीवर कापडाच्या पट्ट्या मांडीत व वैमानिक त्या वरून वाची.

या व्यवस्थेत एक उणीव होती. पाहणारा हवाई दलाचा आणि मारा करणारा तोफखान्याचा. पाहणाऱ्याने केवळ वार्ता द्यावी, हुकूम दुसऱ्याने सोडावा. ब्रिटिश तोफखान्यातील कॅप्टन बेझली यांचे म्हणणे असे की, तोफखान्याच्या अधिकाऱ्यानेच लहानसे विमान चालवावे आणि माऱ्याचा हुकूमही वरूनच द्यावा. असले मंदगती, बिनशस्त्र विमान शत्रू तेव्हाच पाडील, हा आक्षेप काही पोकळ नव्हता. पण ते शत्रूच्या डोक्यावर जाणारच नव्हते. आपल्याच तोफांच्या आसपास झाडांच्या शेंड्यांलगत उडावे, क्षणभर वर चढून पाहावे, पुन्हा खाली यावे आणि एखाद्या शेतात उतरावे, एवढेच त्याचे काम. १९४१ साली ६५१ क्रमांकाचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. वैमानिक तोफखान्याचे, विमाने हवाई दलाची, अशी ती तडजोड होती. पुढे 'ऑस्टर' विमान आकाशात दिसताच आपली जागा उघडी पडेल या धास्तीने जर्मन तोफा मुक्या होत. ज्याच्याजवळ बंदूकही नाही त्याने तोफा गप्प कराव्यात, हा विलक्षणच प्रकार.

६५६ क्रमांकाचे स्क्वाड्रन १९४३ साली हिंदुस्थानात आले आणि चौदाव्या सैन्याबरोबर ब्रह्मदेशात लढले. तेथील अरण्यात जमिनीवरच्या निरीक्षकाला हाकेच्या अंतरापलीकडचे दिसणे मुश्किल. झाडीतून वर येणारा धुराचा लोट विमानातूनच दिसे.

१९४७च्या ऑगस्टमध्ये ६५९ क्रमांकाचे स्क्वाड्रन लाहोर येथे विसर्जित झाले. टेबलखुर्च्यांप्रमाणे तेही दोन देशांत वाटले गेले. भारताच्या वाट्यास आलेली छोटी तुकडी लवकरच काश्मीरच्या लढाईत गुंतली. ती जुनी तडजोड मात्र इकडेही चालू राहिली आणि विमाने नेमकी कोणाची, हा वाद जवळजवळ चार दशके रेंगाळला. अखेर १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूसेनेचे स्वतंत्र विमानदळ स्थापन झाले. १९९९ साली कारगिलच्या उत्तुंग शिखरांवर बोफोर्स तोफा धडधडत होत्या, तेव्हा विरळ हवेत 'चीता' हेलिकॉप्टरे निरीक्षणाचे काम करीत होती.

या दळाची वैमानिक घडविणारी शाळा २००३ साली नाशिकरोडजवळ गांधीनगर येथे निघाली. तोफखान्याची शाळा तेथून हाकेच्या नव्हे, पण तोफेच्या टप्प्यात खास आहे. तोफखान्याकडे असलेली मानवरहित विमानेही अलीकडे याच दळाकडे सोपविण्यात आली. म्हणजे बेझलींनी गोलंदाजाच्या हाती दिलेला डोळा पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेला. फरक इतकाच की, या वेळी तो दुसराही भूसेनेतलाच आहे.