पुडीकडून पिशवीकडे

आमच्या लहानपणी बेळगावच्या रविवार पेठेत किराणा रद्दीच्या पुडीत मिळे. दुकानदार वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढी, चार वेढे देई आणि झटक्यात तोडी. तेलाला घरची किटली न्यावी लागे. विसरलो तर हात हलवीत परत. गिऱ्हाइकाला भांडेही वाण्यानेच पुरवावे, ही अपेक्षा तेव्हा कोणाचीच नव्हती. ती प्लास्टिकच्या पिशवीने जन्माला घातली, आणि बंदीचा सारा झगडा या अपेक्षेशी आहे.

केंद्र सरकारने १९९९ साली पहिला नियम केला तो पिशवीच्या जाडीचा, २० मायक्रॉनचा. पुढे २०११ साली ४०, २०१६ साली ५०, २०२१ साली ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या बाईने तो बोटांनी कसा ओळखावा? बाकी कायदा करणाऱ्यांना तरी ओळखता येईल का, देव जाणे!

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गटारे तुंबली, आणि दोषाचा मोठा वाटा पिशव्यांवर आला. महाराष्ट्राने २००६ साली ५० मायक्रॉनची मर्यादा घातली. कर्नाटकाने मात्र मार्च २०१६ मध्ये जाडी न पाहता पिशवीच बंद केली. महाराष्ट्राची सरसकट बंदी आली मार्च २०१८ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षे जाड पिशवी शिनोळीच्या अलीकडे गुन्हा होती, आणि पलीकडे सचोटीचा व्यवहार! आम्हा सीमावासीयांना अशा गोष्टींचे नवल उरलेले नाही.

महाराष्ट्रात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० व तीन महिने कैद. दंडाची अंमलबजावणी २३ जून २०१८ रोजी सुरू झाली, व्यापारी संघटनांनी गाऱ्हाणे मांडले, आणि काही दिवसांतच किराणा बांधून देण्यापुरती ५० मायक्रॉनवरील प्लास्टिकला सवलत मिळाली. भाजीवालीची संघटना नव्हती. तिला सवलतही नव्हती. खरी अडचण तिचीच. एकटीने बंदी पाळली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते. सर्वांनी पाळली तर कोणाचेच नुकसान नाही. म्हणून तपासणीचे पथक फिरत असते तोवर बाजार शहाण्यासारखा वागतो, आणि पथक गेले की पोत्याखालची पिशवी वर येते. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांनी मध्यंतरी सर्वांचे समाधान केले. पण त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच!

परवा शाळा सुटल्यावर मी मेथी घ्यायला थांबलो. म्हातारीने विचारले, "चीला इल्लेन्री?" पिशवी घरीच राहिली होती. तिने दोन्ही बाजूंना पाहिले, पोत्याखालून एक पातळ पिशवी काढली आणि मेथी तीत कोंबली. सकाळीच प्रार्थनेच्या वेळी मुलांना प्लास्टिकवर पंधरा मिनिटे ऐकवलेला मी, ती मुकाट्याने घेऊन घरी आलो.