कोठींतलें मांजर

माणसानें मांजर पाळलें, असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणून जातों. परंतु इतिहास पाहूं गेल्यास या वाक्यांतील कर्ता व कर्म यांची अदलाबदल करावीशी वाटते. गाय, बैल, घोडा यांना माणसानें आपल्या कामासाठीं वळविलें. मांजर आपल्या पायांनीं आलें, आपल्या सोयीनें राहिलें, आणि अद्याप त्यानें कोणाचें दावें गळ्यांत घालून घेतलेलें नाहीं.

या विषयाकडे वळण्याचें माझें कारण अगदीं घरगुती आहे. माझें बालपण वऱ्हाडांत गेलें. घरीं ज्वारीचें पेव होतें, तुरीच्या कणग्या होत्या, अर्थात् उंदीरही होते. आणि म्हणून मांजरें होतीं. आजी म्हणे, "कोठींत दाणा आहे तोंवर घरांत मांजर हवें." याहून अधिक माया त्या व्यवहारांत कोणीं दाखविली नाहीं. काळी, भुरी, बोका एवढ्यावर नांवांचें भागे. ताकाची वाटी व शिळ्या भाकरीचा कुस्करा हें त्यांचें वेतन. शाळा सुटली, लग्न झालें, बिऱ्हाडें बदललीं. प्रत्येक बिऱ्हाडांत कोठून तरी एखादें मांजर येऊन राहिलेंच. तरी मला मांजरांचें प्रेम नाहीं, असें मी साठ वर्षें निःशंकपणें सांगत आलों.

आजीचा हा हिशेब फार प्राचीन आहे. आजच्या सर्व घरमांजरांचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर, हें आनुवंशिक संशोधनानें ठरलें आहे. त्याचा माणसाशीं कायमचा घरोबा नेमका कोठें जुळला, याविषयीं मात्र विद्वानांत अद्याप वाद चालू आहे. पण क्रम समजण्यास कठीण नाहीं. माणूस शेती करूं लागला, धान्य सांठूं लागलें, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें. बोलावणें कोणींच कोणाला केलें नव्हतें.

तथापि केवळ हिशेबानें न उलगडणारा एक पुरावाही तितकाच जुना आहे. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस येथें फ्रेंच संशोधकांना सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें एक थडगें सांपडलें व २००४ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. माणसाच्या सांगाड्यापासून सुमारें ४० सेंटिमीटरांवर, वेगळ्या लहानशा खड्ड्यांत, आठेक महिन्यांचें एक मांजर पुरलेलें होतें. रानमांजर हें त्या बेटावरचें मूळचें नव्हे. तेव्हां कोणीतरी तें होडींत घालून आणलें असलें पाहिजे. आणलें असेल उंदरांसाठीं. पण उंदरांसाठीं आणलेल्या प्राण्याला कोणी धन्याच्या शेजारीं निजवीत नाहीं.

ईजिप्तमध्यें या हिशेबाचा धर्म झाला. नाईलकांठचें धान्य हें त्या राज्याचें वैभव. मांजराच्या रूपांत तेथें बास्तेत देवीची पूजा होऊं लागली आणि बुबास्तिस हें तिचें क्षेत्र झालें. घरांतलें मांजर मेलें असतां घरचीं माणसें भुंवया काढून शोक करीत, असें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. पण याच देशांत पुढें मांजरें वाढवून, मारून, नवसापोटीं अर्पण करण्यासाठीं त्यांचीं प्रेतें मसाल्यांत घालून विकण्याचा धंदाही भरभराटला. बेनी हसननजीक सांपडलेलीं अशीं सुमारें १९ टन प्रेतें १८९० सालीं जहाजानें लिव्हरपूलला नेण्यांत आलीं आणि तेथें तीं खत म्हणून विकलीं गेलीं. देवत्व सरलें म्हणजे उरतो तो पुन्हां हिशेबच!

आपल्या वाङ्मयानें मांजराची पूजा फारशी केली नाहीं. त्याची परीक्षा मात्र कसून केली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत दांभिकाला 'बैडालव्रतिक' म्हटलें आहे. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतल्या विशाल शिल्पांत एक मांजर पुढचे पाय वर करून तपश्चर्या करीत उभें आहे आणि भोळे उंदीर त्याच्या पायांशीं जमले आहेत. महाभारताच्या शांतिपर्वांतील कथा याहून मार्मिक आहे. लोमश मांजर जाळ्यांत अडकतें. पलित उंदरावर मुंगुस व घुबड टपलेले असतात. तो मांजराच्या कुशींत शिरून आपला जीव वांचवितो व पारधी जवळ आल्यावरच जाळें कुरतडतो. सुटलेलें मांजर पुढें स्नेहाच्या गोष्टी करूं लागतें, तेव्हां तो स्पष्ट सांगतो कीं, गरजेनें जुळलेली मैत्री गरज सरतांच संपते.

परंतु ज्या प्राण्यांत स्मृतिकारांना दंभ दिसला, त्याच प्राण्यांत दक्षिणेंतील वैष्णव आचार्यांना ईश्वरी कृपा दिसली. रामानुजाचार्यांच्या परंपरेंतील वडकलै पंथीय मर्कटन्याय मानतात. माकडाच्या पिलाला आईला घट्ट धरून राहावें लागतें, तसें भक्तालाही कांहीं करावें लागतें. तेंकलै पंथीय मार्जारन्याय मानतात. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहींत, ही आपली म्हण तेंच सांगते.

आजीच्या वाक्याचा अर्थ निव्वळ दाण्यापुरता नव्हता, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. तिनें लहानपणीं प्लेग पाहिला होता. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडून रानांत झोंपड्या घालून राहावें लागे, ही आठवण ती सांगे. मुंबईंत प्लेग १८९६ सालीं शिरला. उंदरांवरील पिसवा तो रोग पसरवितात, हें १८९८ सालीं फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. पुढें वऱ्हाडांतच, अमरावतीस असलेले सरकारी डॉक्टर बुकॅनन यांनीं मांजरें भरपूर असलेल्या गांवांना प्लेगचा उपद्रव कमी होतो असें प्रतिपादन केलें, आणि १९०८ सालीं त्यांचा लेख इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत आला. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊं शकतो, हें आज ठाऊक आहे. तेव्हां तो उपाय निर्दोष नव्हता. पण ज्या पिढीनें उंदीर पडतांना पाहिला, तिच्या मनांत मांजर आणि घराची धडगत हीं कायमचीं जोडलीं गेलीं असल्यास नवल नाहीं.

आतां आमच्या घरीं पेव नाहीं, कणगी नाहीं. शहरांत चौथ्या मजल्यावर पांच किलो पिठाची पिशवी येते व संपते. दहा वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत जिन्यांत भिजत बसलेलें पिलूं पत्नीनें उचलून आणलें. "हें तुझें मांजर," असें मी तिला नेहमीं बजावीत असें. गेल्या वर्षीं ती गेली. तेराव्यानंतर एक आप्त म्हणाले, "तुम्ही एकटे, हें लोढणें कशाला? माझ्या दुकानाच्या गोदामांत उंदरांचा त्रास आहे, मी घेऊन जातों." सूचना सर्वथा सयुक्तिक होती. आजीच्या शास्त्राप्रमाणें तर मांजराचें खरें स्थान तेंच. पलिताच्या न्यायानेंही आमचा संबंध त्या दिवशीं संपायला हरकत नव्हती.

मी म्हणालों, "छे, छे! आमच्याकडेच उंदीर फार झाले आहेत."

घरांत एकही उंदीर नव्हता. आप्तांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें, एकदां कोचावर निजलेल्या त्या जाड्या मांजराकडे पाहिलें आणि चहा घेऊन ते निघून गेले. साठ वर्षें मी जें नाकारीत आलों, तें त्या एका खोट्या वाक्यानें मला कबूल करावें लागलें. सायप्रसच्या त्या अनाम माणसालाही कोणी विचारलें असतें, तर त्यानेंही बहुधा उंदरांचेंच कारण पुढें केलें असतें.