मोगली एरंड : कुंपणावरून राष्ट्रीय धोरणात

१/ मोगली एरंड मूळचा मध्य अमेरिकेचा. विषारी असल्याने गुरे त्याला तोंड लावत नाहीत. म्हणूनच तो आपल्याकडे शेताच्या कुंपणावर स्थिरावला. त्याच्या बियांचे तेल अखाद्य, परंतु त्यापासून बायोडिझेल होते.

२/ २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर त्याच्या विस्तीर्ण लागवडीची शिफारस केली. अन्नपिकांशी स्पर्धा नाही, पाणी अल्प, आयात तेलाला पर्याय, असा तो तर्क होता. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले.

३/ मात्र दुष्काळात तग धरणे निराळे आणि भरघोस बी देणे निराळे. खात्रीचे सुधारित वाण नव्हते. फळे एकदम पिकत नसल्याने तोडणीची मजुरीही वाढे.

४/ शिवाय कागदावरची ‘पडीक’ जमीन अनेक ठिकाणी गावाचे चराऊ रान होती. कुंपणावर जो गुण, तोच तेथे दोष ठरला: गुरांना खाण्यासारखे काही उरेना.

५/ २०१७ उजाडले तेव्हा बायोडिझेलचे मिश्रण एक टक्काही नव्हते. २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे उतरले. पीक अखाद्य असले, तरी त्याला लागणारी जमीन, पाणी आणि श्रम अन्नाच्याच वाट्याचे असतात.