नांदूर मध्यमेश्वर येथील स्थलांतरित पक्ष्यांचे निरीक्षण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात हिवाळी पाहुण्या पाणपक्ष्यांचे होणारे निरीक्षण. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे व पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना निवारा मिळाला. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून ते जाहीर झाले.

येथे काय दिसेल हे तारखेइतकेच पाण्याच्या पातळीवर ठरते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की चिखलाचे काठ बुडतात आणि तुतवारांसारखे काठाने चरणारे पक्षी पांगतात. पाणी उतरले की ते पुन्हा दिसू लागतात. म्हणून निघण्यापूर्वी आवर्तनाची चौकशी करणे फार उपयोगाचे.

भुवई बदके पावसाळा सरतानाच येऊ लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक त्यांच्यामागून येतात. आरंभीच्या आठवड्यांत बदकांची ओळख पटवणे कठीण, कारण विणीनंतर पिसे टाकलेले बहुतेक जातींचे नर मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात. चोचीचा आकार आणि उडताना दिसणारा पंखावरचा पट्टा हाच तेव्हा आधार. डिसेंबरपर्यंत बहुतेक नरांना विणीचे रंग परत येतात. नवख्याने तेव्हा यावे.

सर्वांत विलक्षण पाहुणा म्हणजे पट्टकादंब. मध्य आशियातील पठारांवर वीण करणारा हा हंसवर्गीय पक्षी हिमालय ओलांडून येतो. ७,००० मीटरहून अधिक उंचीवरचे त्याचे उड्डाण उपग्रह-यंत्रांनी नोंदवले आहे. विरळ हवेतही प्राणवायू घट्ट पकडणारे हिमोग्लोबिन त्याला ही चढाई साधून देते. दिवसा हे थवे पाण्यावर विसावतात. चरण्यासाठी ते गहू-हरभऱ्याच्या शेतांतही उतरतात.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. दुर्बीण हवीच, थवे पाण्याच्या मध्यावर बसत असल्याने तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण अधिक बरी. सकाळ उत्तम, दुपारी तापलेली हवा थरथरते आणि दूरचे तपशील पुसट होतात. थवा उठवून छायाचित्र काढणे सर्वस्वी गैर आहे, कारण परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्यात वाया जाते.

जलपर्णीचा फैलाव, वाढता गाळ आणि वरून येणारे सांडपाणी हे या पाणथळीपुढचे मोठे धोके आहेत.