ओट्याखालचा हापसा

शिडाच्या बोटीवर मराठीत लिहायला बसले की लेखणी आपोआप वाऱ्याकडे वळते, शिडांकडे वळते, फार झाले तर आरमाराच्या आठवणींकडे. पाण्याच्या पंपाकडे ती वळत नाही. गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या, ओट्याखाली, कांद्याबटाट्यांच्या टोपलीमागे दडून बसणाऱ्या या वस्तूवर आख्खे पुस्तक कशाला, असे तुम्हाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत असे.

वाचकांनी आधी एका बोटीकडे पाहावे. ‘सुहैली’ ही अवघी 32 फुटी बोट मुंबईत, सागवानात बांधली गेली. जून 1968 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटेच निघाले आणि 312 दिवसांनी, कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीला वळसा घालून तिथेच परतले. हे पूर्वी कोणीही केले नव्हते. या प्रवासात टाक्यांतले गोडे पाणी नासले आणि शिडावरून ओघळणारा पाऊस धरून दिवस काढावे लागले. आपल्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली 56 फुटी बोट. आकार वाढला तरी सभोवती खारे पाणी आणि पोटात मोजके गोडे, हे गणित तेच राहते.

म्हणूनच या विषयाकडे यंत्राच्या बाजूने न येता तांब्याच्या बाजूने यावे, असा माझा आग्रह आहे. लांबच्या सफरीत पिणे, स्वयंपाक आणि तोंड धुणे मिळून माणशी दिवसाला चारेक लिटर पाणी धरले तर भागते. बाजारातला साधा 12 व्होल्टचा दाबपंप मिनिटाला दहाएक लिटर पाणी देतो. म्हणजे हातातला पेला विसळताना नळ अर्धा मिनिट उघडा राहिला की एका माणसाचा दिवस गटारात गेला! उलट पायपंप एका दाबाला जेमतेम वाटीभर पाणी देतो आणि पाय थांबला की पाणीही थांबते. पंप किती पाणी ओढतो हे जाहिरात सांगतेच. तो किती पाणी वाया जाऊ देत नाही, हे आपण विचारायचे. माझ्या मते पहिला पंप पायाचाच असावा. विजेचा हवा तर त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे.

पायपंपाचा दुसरा गुण बोट कलल्यावर कळतो. एका हाताने आधार धरावा आणि दुसऱ्या हाताने तांदळाचे पातेले, तर हापसायला तिसरा हात आणायचा कुठून? मात्र पायपंप बसवण्याआधी ओट्याला कंबर टेकून उभे राहून पाहा. बोट कुठल्याही कुशीवर कलली तरी पाय सहज पोचेल, अशीच त्याची जागा हवी.

शेतीत वाढलेल्या वाचकाला पुढचे बरेचसे आधीच ठाऊक असेल. विहिरीवरचा पंप ‘हवा धरतो’ तेव्हा आपण फूटव्हॉल्व्ह पाहतो, सांधे चाचपतो; बोटीवरही तेच. ओढीच्या बाजूची एक सैल क्लिप पाण्याऐवजी हवा आत घेते, आणि नळी मऊ असेल तर ओढीने चपटी होते. तिथे जाड, पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नळीच वापरावी. पंपाच्या आधी गाळणी हवीच. नव्या टाकीला भोक पाडताना प्लास्टिकचा एखादा तुकडा आत राहतो, झडपेखाली अडकतो, आणि दोष मात्र पंपाच्या माथी येतो.

विजेच्या पंपाबद्दल एक कबुली देतो. नळ उघडला की दाब उतरतो व हा पंप सुरू होतो, नळ मिटला की दाब चढून तो थांबतो. एका रात्री मी त्याचे बटण चालूच ठेवून झोपलो. सिंकखालची नळी सुटली. दाब चढेना म्हणून पंप इमानाने चालत राहिला, टाकीतले पाणी बोटीच्या तळात गेले, आणि तिथल्या आपोआप चालणाऱ्या उपसा-पंपाने तितक्याच इमानाने ते समुद्रात फेकले. सकाळी तळ कोरडा आणि टाकीही कोरडी! तेव्हापासून झोपताना बटण बंद. नळ बंद असतानाही पंप मधूनच ‘टक्’ करू लागला, तर कुठेतरी थेंब गळतो आहे असे समजावे.

खाऱ्या पाण्याच्या पायपंपाला या पुस्तकात वेगळे प्रकरण दिले आहे, कारण तो गोडे पाणी सर्वांत जास्त वाचवतो. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यात, भांडी त्यावरच घासावीत. भाताला चार भाग गोड्यात एक भाग खारे घातले की मीठही वेगळे लागत नाही. बंदरात मात्र हा मोह टाळावा. बोट कलली की या नळाचे तोंड बाहेरच्या पाण्याखाली जाऊ शकते. काम झाले की बुडाचा सीकॉक, म्हणजे बाहेरचे पाणी आत घेणारी झडप, बंद करायला विसरू नका.

पुस्तक तुम्ही कुठूनही उघडा, क्रमाचे बंधन नाही. फक्त त्याआधी घरच्या नळाखाली बादली ठेवून भाजीचे एक पातेले नेहमीसारखे धुवा. मग बादलीतले पाणी मापून तो आकडा पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहा. तिसऱ्या प्रकरणात तो लागणार आहे.