उतारशाळेतील दोन दिनार

दरवर्षी १२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयांत त्या दिवशी गुलाबाची फुले वाटली जातात, मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते, सेवाभावावर एखादे भाषण होते. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नेहमीप्रमाणे सुरू होते आणि फुले सुकून जातात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत परिचारिका झालेली एखादी आत्या, मावशी, बहीण वा लेक आहे. तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, घरांवर कौले चढली. या व्यवसायात ख्रिस्ती स्त्रिया अग्रभागी राहिल्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु या अभिमानापोटी एक प्रश्न विचारायचा आपण विसरतो. या मुलींना कोणी शिकवले, कोणी सांभाळले आणि त्यांच्या श्रमाची कदर कोणी केली? इतिहासाची पाने चाळली, तर याचे उत्तर मिळते. आणि ते काहीसे अस्वस्थ करणारेही आहे.

आरंभ सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये करू. १६३३ साली पॅरिस येथे संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईज द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संस्थेचा पाया घातला. खेड्यांतून आलेल्या साध्या मुली रुग्णांच्या घरी व रुग्णालयांत जाऊ लागल्या. लुईज यांनी या मुलींच्या भक्तीवर सारा भार टाकला नाही. त्यांनी त्यांना वाचायला शिकवले, जखमा बांधायला व औषधे द्यायला शिकवले. १६४० साली आंजे शहरातील रुग्णालय हाती घेताना त्या स्वतः तेथे गेल्या आणि लेखी करार करूनच भगिनींना कामावर ठेवले. संतांनी सुद्धा करार केला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे दोन शतकांनी, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या शुश्रूषेसाठी स्कुटारीला निघाल्या. त्यांच्याबरोबरच्या ३८ स्त्रियांमध्ये १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांतील बर्मंडसी मठाच्या मदर क्लेअर मूर यांच्या अनुभवावर नाइटिंगेल यांची मोठी भिस्त होती. पंथ वेगळे, स्वभाव वेगळे. तरी ही मैत्री मदर क्लेअर यांच्या १८७४ सालच्या मृत्यूपर्यंत टिकली. हाती दिवा घेतलेली स्त्री ही नाइटिंगेल यांची प्रतिमा आपल्या मनात ठसलेली आहे, पण त्यांचे खरे कार्य युद्धानंतर सुरू झाले. जनतेने त्यांच्या गौरवार्थ सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. त्यांना राहण्याची व जेवणाची सोय, गणवेश आणि वर्षाकाठी १० पौंड मिळत. अधिसेविकेची देखरेख, वॉर्डातील परिसेविकेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम आणि प्रत्येकीच्या प्रगतीची नोंद, अशी ती रचना होती. पुढे नाइटिंगेल या विद्यार्थिनींना दीर्घ पत्रे लिहीत. शिक्षण, ज्येष्ठांचा आधार आणि माणसासारखे राहणीमान, या तीन पायांवर आधुनिक परिचर्या उभी राहिली. एक पाय काढला, तर तिवई कोसळते.

हे वारे आपल्या मुंबईला पोहोचायला वेळ लागला नाही. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले होते; १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय स्त्रीने परिचर्येच्या शिक्षणासाठी पाऊल टाकले, अशी नोंद या व्यवसायाच्या इतिहासात सापडते. त्या काळी परक्याचे अंग पुसणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, या गोष्टी कुलीन घरांत अशक्य मानल्या जात. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आड येत. या परिस्थितीत ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुलींनी हे काम उचलले. त्यांना मान मिळाला, तसे टोमणेही मिळाले. योगायोग असा की, त्याच १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराला न्याय्य वेतन व विश्रांती मिळाली पाहिजे, असे जगाला बजावले. ते वाचताना गिरणीतील मजूर आपल्या डोळ्यांपुढे आला. वॉर्डातील परिचारिका मात्र आली नाही.

आपल्या ख्रिस्तसभेचाही एक दरवाजा तेव्हा बंदच होता. व्रतस्थांनी वैद्यकी व प्रसूतीचे काम करू नये, असा धर्मनियमांचा निर्बंध होता. डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश विदुषीने १९०९ साली रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले आणि हा निर्बंध उठावा म्हणून वृद्धापकाळी रोमच्या वाऱ्या केल्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि धर्मभगिनींना बाळंतपण करण्याची मुभा नाही. मग त्या मातांनी मरायचे काय, हा त्यांचा सवाल होता. १९१३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याची माहिती देणारी एक पुस्तिका मेलबर्नमधील मेरी ग्लोरी या तरुण डॉक्टरच्या हाती पडली आणि तिच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९२० साली ती भारतात आली आणि गुंटूर येथे धर्मभगिनी झाली. पोपमहोदयांच्या विशेष परवानगीने व्रतस्थ जीवनात राहून वैद्यकी करणारी ती पहिली डॉक्टर धर्मभगिनी होय. सिस्टर मेरी ग्लोरी यांनी केवळ रोगी तपासले नाहीत. स्थानिक मुलींना त्यांनी औषधे बनवण्याचे, सुईणपणाचे व शुश्रूषेचे शिक्षण दिले. एकट्या डॉक्टरचे हात किती लोकांना पुरणार, हे त्यांनी ओळखले होते.

मॅक्लॅरन यांच्याच प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल रावळपिंडीला काम करून गेल्या आणि १९२५ साली त्यांनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ ही संस्था काढली. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून अनुज्ञा आली. धर्मभगिनींनी वैद्यक व प्रसूतिशास्त्र शिकावे, रीतसर पदव्या घ्याव्यात, असा मार्ग मोकळा झाला. १९४३ साली सिस्टर ग्लोरी यांच्या पुढाकाराने गुंटूर येथे कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे, हे त्यांचे स्वप्न होते. १९५७ साली त्यांचा देहान्त झाला आणि १९६३ साली बंगळूरला सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या रूपाने ते साकार झाले. या सर्व कथेचे मर्म एवढेच की, करुणेला शिक्षणाची जोड हवी, हे पटवण्यासाठी काही स्त्रियांना आपल्याच माणसांशी अनेक वर्षे झगडावे लागले.

देशपातळीवर परिचारिकांनी स्वतःची संघटना १९०८ सालीच उभारली होती. मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचा कायदा झाला. तरीही १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ७ हजार परिचारिका होत्या. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! १९७१ पर्यंत ही संख्या ७ लाख ४० हजार व्हावी, असे समितीने सुचवले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ साली शेट्टी समितीने परिचारिकांच्या सेवाशर्ती व वेतन तपासले. १९८७ साली नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने तर आठवड्याला ४० तासांचे काम, निवासाची सोय आणि परिचर्येबाहेरच्या कामांतून मुक्तता, अशा अनेक शिफारशी केल्या. शिफारशींची वानवा कधीच नव्हती. वानवा होती ती त्या अंमलात आणण्याच्या इच्छेची.

त्या इच्छेच्या अभावाची किंमत काय असते, हे मुंबईने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या असता एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंचा मृत्यू होईपर्यंत, तब्बल ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. ज्यांनी त्यांना कधी चालताबोलता पाहिलेही नव्हते, अशा तरुण मुलींनी ते व्रत पुढे चालवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. प्रशंसा योग्यच होती. पण कपडे बदलण्यासाठी एक सुरक्षित खोली असती तर? त्यागाची स्तुती करताना हा साधा प्रश्न आपण गिळून टाकू नये.

आम्हांला येथे आमच्या परिचयातील एका मुलीची आठवण होते. परीक्षा उत्तीर्ण होऊन ती एका रुग्णालयात रुजू झाली. मूळ प्रमाणपत्रे तिच्याकडून ठेवून घेण्यात आली आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेण्यात आला. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला पूर्ण वॉर्ड तिच्या एकटीवर होता. शेजारी विचारायला कोणी ज्येष्ठ परिचारिका नव्हती. पहाटे एक रुग्ण दगावला. चूक तिची नव्हती, असे नंतर ठरले. पण त्या रात्रीनंतर ती वर्षभर नीट झोपू शकली नाही. तिची आई आम्हांला म्हणाली, “पोरीनं सेवा करावी असं आम्हांला वाटत होतं, पण तिची सेवा कोण करणार, हे आम्ही विचारलंच नाही.” ते रुग्णालय सरकारी होते, खाजगी होते की ख्रिस्ती संस्थेचे होते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. कोणाचेही असू शकले असते, हेच दुःख आहे.

अशाच अनुभवांतून केरळमधील खाजगी रुग्णालयांतील परिचारिका २०११ च्या सुमारास रस्त्यावर उतरल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. लहानांत लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजार रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी वेतनाइतके असावे, असे त्या समितीने सांगितले. २०२० हे नाइटिंगेल यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून घोषित केले होते. नेमके त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. २२ मार्चच्या संध्याकाळी आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. २०२३ साली १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. थाळीचा नाद विरला आहे. कायद्याचा उपयोग किती करून घेतला जातो, हे समाजाच्या जागरूकतेवर अवलंबून राहील.

मग धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? मुलीला प्रवेश घेताना त्या शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या स्वाधीन करू नयेत. बाँडवर सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाला दाखवावा. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त अधिसेविका व पाठ्यनिर्देशिका आहेत. त्यांनी नवोदित मुलींना महिन्यातून एकदा एकत्र बोलावले, तर त्या मुलींना मन मोकळे करण्यास हक्काची जागा मिळेल. जे आपले बांधव रुग्णालयांच्या व्यवस्थापनात आहेत, त्यांनी नव्या परिचारिकेला पहिले काही महिने एकटीने रात्रपाळी न देण्याचा नियम करावा. यासाठी फार पैसा लागत नाही, मन लागते.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले. येथपर्यंतचा भाग आपल्याला पाठ असतो. पण दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला, तर परत येताना तोही भरून देण्याचे वचन दिले. रखवालदाराने पुण्य म्हणून फुकट राबावे, असे तो म्हणाला नाही. रुग्णाला ज्याच्या हाती सोपवायचे, त्याची व्यवस्था लावून मगच तो पुढे गेला. आपले रुग्ण आपण रोज परिचारिकांच्या हाती सोपवतो. ते दोन दिनार अद्याप आपल्याकडून येणे आहेत.